टिकटिक

पेट्रोल-पंप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याकाठचा पंप उभा राहतो. मी ज्याविषयी लिहितो आहे तो लहानशा तांब्याएवढा असतो, मोटारीच्या पोटाखाली राहतो आणि रुसेपर्यंत त्याची कुणाला आठवण होत नाही.

मी काही वर्षे इंग्लंडात रेडिंगला होतो. तेथे हौसेपायी १९६५ सालची एक एम. जी. बी. घेतली. दोन माणसांची ही उघडी स्पोर्ट्स गाडी अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत तयार होई. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. माझ्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागे, आणि त्यांचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले. म्हणजे आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या अगदी उलट संसार!

हिचा पंप विजेवर चालतो. किल्ली फिरवली की आतले वेटोळे पडद्याला ओढते. ओढ पूर्ण झाली की संपर्काचे दोन ठिपके अलग होतात, वीज तुटते आणि स्प्रिंग पडद्याला परत ढकलून पेट्रोल पुढे पाठवते. ठिपके पुन्हा जुळतात. प्रत्येक फेरीला एक 'टिक'. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की टिकटिक मंदावते आणि थांबते. ती थांबलीच नाही तर पेट्रोल संपलेले असते किंवा नळीत हवा शिरलेली असते. मुळातच ऐकू आली नाही, तर वीज तपासायची. वैद्याने नाडी पाहावी तसे हे.

एका रविवारी मी अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन ब्रिस्टलहून परतत होतो. हमरस्त्यावर गाडीने आचके दिले. ठिणगीची वीज गेली तर इंजिन एकदम मरते. पेट्रोल तुटले तर असे आचके देत, वाट्या रिकाम्या होईस्तो तग धरून मरते. मागे अजस्र ट्रक. कशीबशी डाव्या कडेला आलो. मुलगी म्हणाली, "बाबा, टिकटिक होत नाहीये." पंपाला हलकेच ठोकले की तो बहुधा चालू होतो, हे मला ठाऊक होते, पण तो मागच्या उजव्या चाकाजवळ, म्हणजे नेमका धावत्या वाहनांच्या बाजूला! पोरीला कठड्यापलीकडे उभे केले आणि गाडी ओढून नेणाऱ्याची वाट पाहत बसलो.

घरी पंपाच्या टोकाला मीटर लावला. दुसरी तार गाडीच्या स्वच्छ पत्र्याला. पूर्ण बारा व्होल्ट! वीज येते, पंप हलत नाही, तेव्हा पंप मेला, असा निकाल देऊन मी नवा पंप आणला. तो ऐटीत टिकटिकला. आठ दिवसांनी घराच्या दारातच गप्प! ठोकले, चालू झाला.

आता मात्र मी डोके चालवले. ठोकल्याने चिकटलेले ठिपकेही सुटतात आणि सैल तारही हलते. म्हणजे ठोकणे हा इलाज, निदान नव्हे. पुन्हा गप्प होताच मीटरचे एक टोक पंपाच्या धातूच्या अंगाला लावले, दुसरे पत्र्याला. किल्ली चालू. तेथे शून्य दिसायला हवे होते; दिसले जवळजवळ बारा! पंप रबरावर बसवलेला असतो, म्हणून वीज परतण्यासाठी त्याला वेगळी काळी तार असते. त्या तारेची गाडीला जोडलेली कडी गंजाने तपकिरी झाली होती. सगळा दाब त्या गंजापाशीच खर्च होत होता. पहिल्या दिवशीचे माझे बारा व्होल्ट खरेच होते, पण प्रश्न अर्धा विचारला होता. पंप बदलताना तार हलली, तेवढ्यानेच आठ दिवस भागले.

बॅटरी सोडली (पेट्रोलजवळ ठिणगी नको, आणि सिगारेट तर नकोच), कडी घासून चकचकीत केली, पत्र्याचा रंग खरवडला, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळला, वर ग्रीस. खर्च म्हणाल तर वॉशरचा!

जुना पंप मग फळीवरून काढून पुन्हा बसवला. उत्तम चालला. नव्याचे पैसे दुकानदाराने परत केले नाहीत. वापरलेला माल, त्याचेही बरोबरच. त्यानंतर गाडीत बसले की मुलगी मला किल्ली अर्धीच फिरवायला लावी, बोट ओठांवर ठेवून ऐके आणि मग म्हणे, "हं, आता चला."