दगडाला जात नसते

खडकांचे प्रकार विचारले की बहुतेक विद्यार्थी अग्निजन्य, स्तरित व रूपांतरित ही तीन नावे एका दमात म्हणून दाखवितात. गुण मिळतात, परंतु ज्ञान मिळते काय? जो दगड जसा जन्मला तो अखेरपर्यंत तसाच, जणू या तीन जातीच आहेत, अशी समजूत त्यातून दृढ होते. वस्तुतः त्या जाती नव्हेत. एकाच द्रव्याच्या अवस्था होत.

आपल्या कुंभारवाड्याच्या नावातच याचा दाखला आहे. कुंभाराची माती म्हणजे झिजलेला, कुजलेला खडक. ग्रॅनाइटातील फेल्डस्पार हे खनिज हवापाण्याने विघटित होऊन त्याची चिकणमाती बनते. ती आव्यात भाजली की पुन्हा पाण्यात विरत नाही. भूगर्भातील दाब व उष्णता असेच कार्य लक्षावधी वर्षे करीत असतात. चिखलाचे थर दाबले जाऊन स्तरित खडक होतो, त्याचा पुढे पाटीचा दगड होतो. उष्णता फारच वाढली तर तो वितळतो, आणि थिजला की पुन्हा अग्निजन्य!

जोयडा तालुक्यातील कवळ्याच्या गुहा चुनखडीच्या आहेत. पावसाचे पाणी चुनखडी विरघळविते आणि तोच चुना थेंबाथेंबाने गुहेत पुन्हा साचविते. घराच्या भिंतीतील चिरा हे तर पावसाचेच अपत्य. पावसाने खडकातील विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, आणि जांभा झाला. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथात विटेच्या लॅटिन नावावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटले.

आपल्याकडील धारवाडी खडक सुमारे २५० कोटी वर्षांहून जुने. त्यांच्यापुढे महाराष्ट्राचा काळा पाषाण, वय सुमारे ६.६ कोटी वर्षे, म्हणजे पोरच! तरीही त्यांची झीज थांबलेली नाही. काळी नदी त्यांचे कण वाहून नेते. १९८७ साली पूर्ण झालेल्या सुपा धरणाच्या तळाशी जो गाळ बसतो, तो पुढे स्तरित खडकही होऊ शकेल.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, हा पाठ फळ्यावर संपू नये. वर्षातून निदान एक दिवस मुलांना ओढ्याकाठी न्यावे. गोटा, वाळू व चिखल शेजारी शेजारी ठेवून दाखवावेत. परीक्षेचा वेळ वाया जाईल, असे काही पालक म्हणतील. परंतु डोंगरावरील वीतभर माती घडण्यास शतके लागतात, आणि झाडे तोडल्यास ती थोड्याच पावसाळ्यांत वाहून जाते. हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तो उद्या कुऱ्हाड उचलण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल. पाठ केलेली तीन नावे कोणाचाही हात थांबवीत नाहीत.