रक्त आटवतं कोण?

‘एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या रक्त आटवतात, काही दिवस बंद ठेवा,’ हा सल्ला विदर्भात फुकट मिळतो. तो साफ खोटा असता तर खोडणं सोपं होतं. तो अर्धा खरा आहे.

एचआयव्हीवर मान्यता मिळालेलं पहिलं औषध झिडोव्हुडिन, 1987 सालचं. ते अस्थिमज्जेतली रक्तपेशींची निर्मिती मंदावतं. बहुधा पहिल्या काही महिन्यांतच हिमोग्लोबिन घसरतं, कधी रक्त चढवावं लागतं. एप्रिल 2004 मध्ये सरकारी मोफत उपचार सुरू झाले तेव्हा पहिल्या फळीत हेही होतं. ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, त्यांना स्टॅव्हुडिन. त्याने पायांना मुंग्या येत, गाल बसत. तेव्हा धाप लागलेल्या रुग्णाला ‘काही होत नाही’ म्हणून परत पाठवणारा डॉक्टरही या अफवेचा बाप आहे.

पण एका औषधाच्या गुन्ह्याची शिक्षा साऱ्या उपचाराला का? आज बहुतेकांना मिळणाऱ्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्राव्हिरच्या गोळीत झिडोव्हुडिन नाहीच. आणि उपचाराविना विषाणू स्वतःच रक्त कमी करतो, प्लेटलेटही पाडतो. 2006 च्या ‘स्मार्ट’ चाचणीत प्रतिकारशक्तीच्या सीडी-4 पेशींची संख्या बरी असताना गोळ्या थांबवलेल्यांमध्ये मृत्यू वाढले. ‘काही दिवस बंद’वाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

दहा वर्षं तीच गोळी पचवणाऱ्याचं हिमोग्लोबिन आज अचानक उतरलं, तर संशय आधी दुसरीकडे जायला हवा: क्षयरोग, मूळव्याध, बाईची जास्त जाणारी पाळी, मूत्रपिंडाचा आजार, सिकलसेल. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1958 सालीच छापून आली, नागपुरात तरी तिचा विसर पडू नये. सगळं खापर गोळीवर फोडलं की खरं कारण शोधायचं राहून जातं. उलट झिडोव्हुडिन घेणाऱ्याच्या रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, वाढलेला दिसला, तर घाबरू नये. औषध नियमित पोटात जातंय याचीच ती बहुधा खूण असते.

म्हणून औषध बदलून मागा, उपचार मोडू नका. सीबीसीचे (रक्तपेशींच्या तपासणीचे) जुने रिपोर्ट जपून ठेवा, आपल्या गोळीत झिडोव्हुडिन आहे का ते विचारा. धाप, थकवा, पांढरी पडलेली जीभ दिसली तर त्याच दिवशी एआरटी केंद्र गाठा. गोळी बदलायची की नाही, ते तिथे ठरू द्या.