थंडावा विकत घ्यावा की बांधावा?

१९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे पारा ५१ अंश सेल्सिअसवर पोहोचला. देशातील अधिकृत नोंदींमधला तो उच्चांक ठरला. जून २०१९ च्या आरंभी चुरूने पन्नाशी ओलांडली, मे २०२४ मध्ये ती पुन्हा ओलांडली. अशा बातम्या आकड्यापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. त्या दिवशी सायंकाळी फलोदीतील मजूर ज्या घरात परतला, त्या घराचे छप्पर कशाचे होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. वाळवंटात दिवसभराचे ऊन माणूस कसेबसे सोसतो, पण रात्री झोप मिळाली नाही तर त्याचे शरीर खचते. ती झोप मिळणार की नाही, हे पुष्कळ अंशी छप्पर आणि भिंती ठरवतात.

याच फलोदीच्या परिसरात भडला येथे २,२४५ मेगावॉट क्षमतेचे सौर ऊर्जा उद्यान उभे आहे. देशाला अभिमान वाटावा असेच ते काम आहे. परंतु या वाळवंटी सूर्यापासून मिळवलेल्या विजेचा मोठा वाटा त्याच सूर्याने तापवलेल्या इमारती गार करण्यात खर्च होत असेल, तर एका हाताने कमवायचे आणि दुसऱ्या हाताने उधळायचे, असाच हा व्यवहार म्हटला पाहिजे. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी सुमारे अडीच लाख मेगावॉटवर गेली. तोपर्यंतचा तो उच्चांक होता आणि त्यामागे उन्हाळ्याचा वाटा मोठा होता. वीजनिर्मिती वाढवलीच पाहिजे. पण भोके पडलेल्या रांजणात किती पाणी ओतायचे, याचाही विचार करायला हवा.

गजधरांचे शास्त्र

मरुभूमीत माणूस शतकानुशतके राहत आला आहे. रावल जैसल यांनी ११५६ मध्ये वसवलेले जैसलमेर आजही नांदते आहे आणि त्याच्या किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. विजेशिवाय हे नगर आठ शतके कसे टिकले, याचे उत्तर तेथील बांधणीत सापडते. पिवळ्या वालुकाश्माच्या जाड भिंती दुपारचे ऊन हळूहळू शोषून घेतात. ती उष्णता आतल्या बाजूला पोहोचते तोवर सूर्य मावळलेला असतो आणि वाळवंटातील रात्रीची गार हवा घरात खेळू लागते. गल्ल्या अरुंद आणि घरे एकमेकांना खेटून असल्यामुळे प्रत्येक भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला सावली देते. पुढे आलेले झरोके आणि छज्जे खालच्या भिंतीवर छाया धरतात. दगडातील बारीक जाळी वाऱ्याला वाट देते, उन्हाचा झोत मात्र अडवते. मधल्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाते.

छपराची रचना तर अधिकच विचारपूर्वक केलेली आहे. लाकडी तुळयांवर दगडी फरशा किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर मातीचा जाड थर असे जैसलमेरचे जुने छप्पर असते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. मराठवाड्यातील आणि सोलापूरकडील माळवदाची घरे तसेच खानदेशातील धाब्याची घरे याच कुळातील आहेत. विदर्भात उन्हाळ्यात दाराखिडक्यांवर लावल्या जाणाऱ्या वाळ्याच्या ताट्याही त्याच शहाणपणाच्या वारसदार आहेत. हवेलीच्या धन्याइतकाच साधा माणूसही या शास्त्राचा जाणकार होता. थारमधील गोल झोपे आणि कच्छच्या बन्नीमधील भुंगे मातीच्या जाड भिंतींचे आणि गवताच्या उतरत्या छपराचे असतात. गोल आकारामुळे आतील जागेच्या मानाने उन्हाला भिडणारा पृष्ठभाग कमी राहतो. हेच भुंगे २००१ च्या भूकंपातही मोठ्या संख्येने टिकून राहिले.

हे ज्ञान केवळ लोकव्यवहारात होते असेही नाही. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तील ग्रीष्मवर्णनात जलयंत्रमंदिराचा उल्लेख येतो आणि राजा भोजाच्या 'समरांगण सूत्रधार' या अकराव्या शतकातील ग्रंथात धारागृहांची चर्चा आहे. आमेरच्या महालातील सुखनिवासात वाहत्या पाण्यावरून येणारा वारा दालन गार करीत असे. राजस्थानात ज्यांना गजधर म्हणत, त्या स्थपतींनी हा वारसा प्रत्यक्ष दगड-चुन्यात उतरवला.

उधारीचा काचमहाल

मग बिघडले कुठे? स्वातंत्र्यानंतर 'पक्के घर' म्हणजे सिमेंटचा स्लॅब, असे समीकरण रूढ झाले. दहा-पंधरा सेंटीमीटर जाडीचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खालच्या खोलीत सोडत राहतो. एक-दोन मजली घरात सर्वाधिक ऊन छपरावरच पडते. त्यामुळे भिंती कितीही चांगल्या असल्या तरी उघड्या स्लॅबचे घर रात्री भट्टीसारखे होते.

व्यापारी इमारतींनी तर त्याहून मोठी चूक केली. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशात काचेच्या भिंतींना अर्थ आहे, कारण तिथे सूर्यप्रकाश हवाहवासा असतो. जयपूर-जोधपूरच्या महामार्गांवर तीच काच उभी केली, की ऊन आत शिरते, आतील वस्तूंना तापवते आणि ती उष्णता आतच कोंडून राहते. मग ती बाहेर फेकण्यासाठी दिवसभर वातानुकूलन यंत्रे चालवायची आणि त्या यंत्रांनी रस्त्यावरच्या फेरीवाल्याच्या अंगावर गरम झोत सोडायचा. पुण्या-मुंबईच्या काचेच्या मनोऱ्यांनाही हाच दोष लागू पडतो, वाळवंटात त्याची शिक्षा केवळ अधिक कठोर असते. परक्याचा अंगरखा आपल्या हवामानात घालून वर पंख्याचे बिल भरत बसण्याला प्रगती म्हणत नाहीत.

जुने तसेच उचलून चालणार नाही

तथापि भूतकाळाचे स्तोत्र गाऊनही घर गार होत नाही. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत आज सामान्य कुटुंबाला परवडणारी नाही. मातीच्या छपराची दरवर्षी डागडुजी करावी लागते आणि तो भार बहुतेक वेळा घरातील स्त्रियांवरच पडत आला आहे. शिवाय जुन्या रचनेत नवी सोय विचार न करता घुसवली, तर तीही अंगलट येते. जैसलमेरच्या किल्ल्यात नळाचे पाणी आले, पण सांडपाण्याची व्यवस्था तितकी पक्की झाली नाही. परिणामी पाणी पायात मुरून बुरुज आणि घरे खचू लागली.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानववाद मांडला. आपले जे आहे ते युगानुकूल करावे आणि बाहेरचे जे घ्यायचे ते देशानुकूल करून घ्यावे, ही त्या विचाराची दिशा. घरबांधणीला ती तंतोतंत लागू पडते. जाड भिंतीचे काम आज पातळ उष्णतारोधक थर करू शकतो. थर्मोकोलमधून काँक्रीटच्या तुलनेत सुमारे चाळीस पटींनी कमी उष्णता वाहते. फुगीर काँक्रीटचे हलके ठोकळे भाजलेल्या विटेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता अडवतात. दोन विटांच्या थरांमध्ये सोडलेली हवेची पोकळीही पुष्कळ काम करते. मात्र हा रोधक थर बाहेरच्या बाजूला, म्हणजे स्लॅबच्या वर आणि भिंतीच्या बाहेर हवा. तो आतून लावला, तर स्लॅब तापायचा तो तापतोच आणि रात्रीचा गारवा साठवण्याची त्याची शक्तीही वाया जाते. खिडकीचेही तसेच आहे. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरचा छज्जा किंवा जाळी श्रेयस्कर, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याला अडवता येत नाही. ज्या घराकडे यापैकी कशाचीच ऐपत नाही, त्याने छपराला चुन्याचा पांढरा हात दिला, तरी उन्हाचा मोठा भाग परत आकाशाकडे जातो. थंडीतही रोधक थर उपयोगी पडतो, कारण ज्या चुरूत पारा पन्नाशी गाठतो, तेथेच हिवाळ्यात तो शून्याखाली जातो.

हे केवळ पुस्तकी नाही. जयपूरजवळ कूकस येथे २००८ मध्ये उभ्या राहिलेल्या पर्ल अकादमीच्या इमारतीला बाहेरून जाळीचे दुसरे आवरण आहे, तळाशी बावडीच्या धर्तीवर पाणी आहे आणि छपरावर मातीची उलटी मडकी रचून उष्णता रोखली आहे. जैसलमेरजवळ कनोई येथील राजकुमारी रत्नावती कन्याशाळा २०२१ मध्ये सुरू झाली. लंबगोल आकाराची ही शाळा स्थानिक कारागिरांनी स्थानिक पिवळ्या दगडात घडवली असून चुन्याचा गिलावा आणि जाळीची भिंत तिला गार ठेवतात. तिच्या वास्तुरचनाकार डायना केलॉग न्यूयॉर्कच्या आहेत. जैसलमेरच्या गजधरांचे मोल परदेशी स्थापत्यकाराला कळते आणि आपल्या नगरपालिकांच्या अभियंत्यांना कळत नाही, यावर विचार व्हायला हवा.

नियम आहेत, पण कोणासाठी?

शासनाने या विषयाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली आणि २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आली. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य ठेवले. आराखडा उत्तम आहे. अडचण आहे ती व्याप्तीची. इमारत संहिता मुख्यतः १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक वीजभाराच्या इमारतींना लागू होते आणि निवास संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. म्हणजे फलोदीच्या मजुराचे घर आणि बारमेरच्या किराणा व्यापाऱ्याचे दुकान दोन्ही संहितांच्या बाहेरच राहतात. ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे त्याच्या भिंतीची काळजी नियम घेतात. ज्याच्याकडे पंख्यापलीकडे काही नाही, त्याचे छप्पर वाऱ्यावर सोडलेले आहे. हा अंत्योदय नव्हे.

प्रधानमंत्री आवास योजनेने २०१६ पासून ग्रामीण भागात कोट्यवधी कुटुंबांना हक्काचे छप्पर दिले. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साह्य आणि किमान २५ चौरस मीटरचे घर, असे तिचे स्वरूप आहे. त्याच वर्षी 'पहल' या संकलनातून प्रदेशानुसार घरांचे नमुनेही सिद्ध झाले. परंतु गावात नमुना पोहोचण्याआधी सिमेंटचा ट्रक पोहोचतो. उष्ण-शुष्क जिल्ह्यांमध्ये या साह्याला छपराच्या उष्णतारोधनासाठी वेगळी जोड दिली, निवास संहितेतील छपराचा निकष लहान घरांनाही सुलभ रूपात लावला आणि शाळा, अंगणवाड्या व आरोग्य केंद्रे यांपासून आरंभ केला, तर फरक दिसू लागेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये गजधरांच्या वंशजांनाच शिक्षक म्हणून बोलावले, तर विद्याही टिकेल आणि रोजगारही मिळेल.

वातानुकूलन हवेच कशाला, असा सुखवस्तू उपदेश येथे अभिप्रेत नाही. रुग्णालयात, वृद्धाच्या खोलीत ते हवेच. पण नीट बांधलेल्या घरात लहान यंत्र पुरते, कमी वेळ चालते आणि वीज गेली तरी खोली बराच वेळ सुसह्य राहते.

सर्वच काही शासनावर सोडण्याचेही कारण नाही. अहमदाबादने २०१० च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये कृती योजना केली आणि पुढे २०१७ मध्ये वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीम हाती घेतली. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि स्वदेशी हे दोन्ही विषय आहेत. होळी आणि वर्षप्रतिपदा यांच्या दरम्यान प्रत्येक शाखेने आपल्या भागातील वीस गरीब घरांची छपरे चुन्याने पांढरी केली, तर त्या दोन्ही विषयांना कृतीची जोड मिळेल. त्यासाठी लागणारा चुना, कुंचला आणि चार तरुणांची एक सकाळ प्रत्येक गावात उपलब्ध आहे. पुढचा मे महिना येण्यापूर्वी ती उपयोगात आणली, की त्या वीस घरांतील माणसांना रात्री झोप लागेल.