कच्च्या खर्ड्यांचे मोल

कलावंताची सिद्ध कृती ज्या आस्थेने जपली जाते, त्याच आस्थेने तिच्या आधीचे त्याचे कच्चे खर्डेही जपले गेले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या मताला सर्वांत बळकट पुरावा मला सापडतो तो 1533 च्या सुमारास इटलीत मायकेलअँजेलोने काळ्या खडूने काढलेल्या, एकाच ग्रीक पुराणकथेच्या तीन रेखाचित्रांत.

कथा फेथॉनची आहे. आपण खरोखरच सूर्यदेवाचे पुत्र आहोत याची ग्वाही मागण्यासाठी हा कुमार पित्याच्या प्रासादी गेला. मागशील ते देईन असे पित्याने शपथपूर्वक सांगताच त्याने एक दिवस सूर्यरथ हाकण्याची अनुज्ञा मागितली. आणि वचनात गुंतलेल्या पित्याने नाइलाजाने लगाम त्याच्या हाती दिले. घोडे उधळले, पृथ्वी होरपळू लागली, तेव्हा झ्यूसने वज्र टाकून त्याला एरिडेनस नदीत पाडले. रोमन कवी ओव्हिडने विस्ताराने वर्णिलेला हा प्रसंग मायकेलअँजेलोने तोम्मासो देई काव्हालिएरी या रोममधील तरुण सरदारपुत्रासाठी चितारला. सिस्टाइन चॅपेलचे छत रंगवून झाल्यास तेव्हा वीस वर्षे लोटली होती, आणि युरोपातल्या श्रेष्ठ चित्रकारांत त्याची गणना होत होती.

तिन्हींपैकी जे चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याच्यावर मायकेलअँजेलोच्या हातचा मजकूर आहे. हा खर्डा पसंत नसेल तर आपला सेवक उर्बिनो याला तसे सांगावे, म्हणजे कबूल केल्याप्रमाणे उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा करता येईल. आणि पसंत पडून पुरा करून हवा असेल तर परत पाठवावा, असा त्याचा आशय. पोप ज्याची मर्जी सांभाळीत होते, तो वयाची 58 वर्षे गाठलेला महापुरुष एका तरुणापुढे आपला कागद विनयाने ठेवतो आणि दुसरा काढण्याची तयारी दाखवतो, हे वाचल्यावर त्याच्या महत्तेविषयीची आपली कल्पना अधिक सखोल होते.

दुसरे चित्र व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात आहे. तिसरे, पूर्णत्वास नेलेले, विंडसरच्या राजसंग्रहात आहे. त्यात शिरोभागी गरुडावर आरूढ झालेला झ्यूस वज्र फेकण्यासाठी हात उगारतो. मध्ये रथ, चार घोडे आणि फेथॉन यांचा लोंढा खाली कोसळतो. तळाशी नदीदेव एरिडेनस, ज्यांचे कथेनुसार पुढे वृक्ष झाले त्या विलाप करणाऱ्या तीन बहिणी, आणि शोकाने हंस झालेला फेथॉनचा आप्त सिक्नस. येथे खडूचे फटकारे एकमेकांत इतके विरघळले आहेत की घोड्यांच्या अंगावरील स्नायू छायेतून आपोआप उगवल्यासारखे वाटतात. उलट लंडनच्या कागदावर हात अजून चाचपडतो आहे. विंडसरचे हे पूर्ण चित्र पोहोचल्यावर पोप सातवा क्लेमेंट आणि कार्डिनल मेदिची यांनीही ते पाहिले, असे तोम्मासोने सप्टेंबर 1533 मध्ये कळवले. परंतु विंडसरचे एकटेच चित्र उरते, तर सिद्धी दिसली असती, साधना दिसली नसती.

आपले श्रम कोणी पाहू नयेत, आपण परिपूर्णच दिसावे, या इच्छेने मायकेलअँजेलोने मृत्यूपूर्वी पुष्कळ रेखाचित्रे जाळली, असे त्याचा चरित्रकार वासारी सांगतो. कलावंताचा हा अधिकार मी नाकारीत नाही. तथापि फेथॉनची ही चित्रे त्या अग्नीतून वाचली ती ज्याला दिली त्याच्या हाती राहिली म्हणून, आणि त्यांनी कलावंताची कीर्ती तिळमात्र उणी केली नाही, हा साडेचार शतकांहून अधिक काळाचा निवाडा आहे.

हा निवाडा आपल्यालाही लागू आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुन्या वाड्यांतली दप्तरे गोळा केली नसती, तर 1898 पासून प्रसिद्ध झालेली मराठ्यांच्या इतिहासाची साधने उदईच्या पोटात गेली असती. राजकारणाच्या कागदांविषयी ही जागरूकता दाखवणारा आपला समाज चित्रकारांच्या आणि लेखकांच्या कागदांविषयी मात्र उदासीन आहे. चित्रकार निवर्तला की चौकटीतली चित्रे वाटून घेतली जातात, आणि ट्रंकेतल्या वह्या, खोडलेली पाने, अर्धवट रेखाटने पावसाळ्याची ओल आणि कसर यांच्या स्वाधीन होतात, नाही तर रद्दीच्या तराजूत जातात.

म्हणून ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांना माझी विनंती आहे, की ते दुमडू नयेत, प्लास्टिकमध्ये चिकटवून बंद करू नयेत, कोरड्या जागी सपाट ठेवावेत, त्यांची यादी करावी आणि जतनाची सोय असलेल्या संग्रहालयाच्या अथवा ग्रंथालयाच्या हवाली करावेत. ते पाहण्याजोगे आहेत की नाहीत, हे पुढच्या पिढ्यांना ठरवू द्यावे.