ओघळू द्या की!

शाळेत जाणारं मूल असलेल्या घरात एक डबा हमखास सापडतो. श्रीखंडाचा, नाहीतर आइस्क्रीमचा. आत तुटलेले, कागद सोललेले, टोकं झिजलेले खडू. वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमधून नवी पेटी येतच राहते, त्यामुळे या डब्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही आणि तो टाकवतही नाही. यावर मला पटलेला उपाय एकच : खडू वितळवा.

कृती अगदी सोपी. कॅनव्हास बोर्डच्या वरच्या कडेला खडू टोकं खाली करून ग्लू गननं ओळीनं चिकटवायचे, बोर्ड भिंतीला तिरका टेकवायचा आणि हेअर ड्रायरची गरम हवा सोडायची. चित्र काढता येण्याची अट नाही, म्हणून ही कला मला विशेष जवळची.

मात्र त्याआधी डब्यातले खडू नीट पाहा. माझी भाची सुट्टीत हा उद्योग मांडून बसली होती. थोड्या वेळानं आतून हाक आली, "आत्या, ड्रायर बिघडलाय गं! खडू ढिम्म हलत नाहीत." ड्रायर ठणठणीत होता. खडू प्लॅस्टिकचे होते.

आपल्याकडच्या दुकानांत क्रेयॉन म्हणून तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात. १९३१ साली दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या उंटाच्या छापाखालीही या तिन्ही पेट्या निघाल्या. प्लॅस्टिकचा खडू कडक, टोक करता येणारा, रबरानं खोडता येणारा. तो ड्रायरला दाद देत नाही. तेलखडू मऊ पडतो, पण धार न धरता लोळ्यासारखा बसतो आणि पुढेही हाताला चिकटत राहतो. आपल्याला हवा तो साधा मेणाचा खडू, ज्यानं मुलं बोटं दुखेपर्यंत घासतात तरी रंग फिकाच उमटतो. चित्र काढायला तिघांत तोच सगळ्यात रद्दड, वितळवायला मात्र तोच राजा.

कारण त्याच्या पोटात मुख्यतः पॅराफिन मेण आणि रंगाची भुकटी असते. १९०३ साली अमेरिकेत ५ सेंटला निघालेल्या क्रेयोलाच्या ८ खडूंच्या पेटीपासून हे गणित फारसं बदललेलं नाही. पॅराफिन बर्फासारखं एका ठरावीक अंशाला वितळत नाही. साधारण ४५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात ते आधी मऊ पडतं, मग घामेजतं आणि मग ओघळतं. मे महिन्यात अकोल्या-जळगावच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर खडू ठेवलात, तर ड्रायरचं वीजबिलही वाचेल.

ड्रायरची उष्णता जास्त आणि वेग कमी ठेवा. घाईनं वेग वाढवला की मेण खाली न येता आडवं उडतं, भिंतीवर शिंतोडे पडतात आणि मग घरात चर्चा भलत्याच विषयावर सुरू होते. म्हणून वर्तमानपत्र जमिनीवर पसराच, मागच्या भिंतीलाही लावा. झोत खडूच्या टोकाकडे धरा. चिकटवल्या जागी धरलात तर ग्लू गनचा गोंदही मऊ पडून खडू सुटतात. रंगांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे : इंद्रधनुष्य करू नका. पिवळ्याशेजारी जांभळा ओघळला की चिखल होतो. निळे-हिरवे एकत्र किंवा लाल-केशरी-पिवळे एकत्र, एवढ्यावर थांबा.

मेणानं रंगवणं हा काही हल्लीचा सुट्टीतला चाळा नाही. इजिप्तमधल्या फायूम भागात इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत मृतांच्या चेहऱ्यांची चित्रं मधमाशीच्या मेणात रंग कालवून लाकडी फळ्यांवर काढली जात. ते डोळे आजही टवटवीत दिसतात. जॅस्पर जॉन्स या अमेरिकी चित्रकारानं १९५४-५५ मध्ये आपल्या देशाचा झेंडा रंगवला, तोही मेणात. मेण चटकन थिजतं आणि कुंचल्याचा प्रत्येक फटकारा जागच्या जागी राहतो, म्हणून त्यानं ते निवडलं. आपले ओघळही त्याच गुणामुळे बोर्डावर मध्येच थबकतात.

आता दोन गोष्टी कडक शब्दांत. यासाठी नवी पेटी विकत आणू नका. नवे खडू वितळवणं मला उधळपट्टी वाटते. आणि खडू पातेल्यात टाकून थेट गॅसवर ठेवू नका. मेण पेट घेतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतलं तर भडका उडतो. साच्यात ओतून नवे खडू करायचेच असतील, तर जुन्या डब्यात तुकडे घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. ग्लू गन आणि ड्रायर मोठ्यांनीच हाताळावेत. तयार चित्र खिडकीच्या उन्हात टांगू नका, नाहीतर ते पुन्हा चालू लागेल. आणि उरलेलं मेण मोरीत ओतू नका. ते नळीत गार होऊन बसतं, मग प्लंबरला बोलवावं लागतं, आणि तो चित्राचं कौतुक करत नाही.