आधी अक्षर, मग रेघ

अक्षर सुधारायचं मनावर घेतलं, की माणूस आधी नवं पेन आणतो. मग सुलेखनाची वही येते, कित्ता निगुतीनं गिरवला जातो, आणि घाईत कुणाचा निरोप लिहून ठेवायची वेळ आली की हात मूळपदावर. कित्त्यात आपण अक्षर चितारत असतो. रोज लिहिणारा हात वेगळाच. सराव त्या रोजच्या हाताला हवा.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिलाय. अध्यात्माच्या ग्रंथात काना, मात्रा, वेलांटी, शाई यांची चर्चा! पहिल्या अक्षराचं वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावं, ही त्यांची मुख्य अपेक्षा. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते कामाचं नाही, असंही बजावतात. कागदाच्या कडा झडणार, म्हणून भोवताली जागा सोडायची. पोथ्या नकलून काढणाऱ्यांचा हा रोकडा व्यवहार आहे. सौंदर्याआधी एकसारखेपणा, हे मला त्यातलं सगळ्यात पटतं.

आपलं देवनागरी अक्षर बहुधा कान्यात बिघडतं. लिहिलेल्या ओळीतले सगळे काने पेन्सिलीनं खाली लांबवून पाहा. एक डावीकडे, दुसरा उजवीकडे कललेला दिसला, तर रोग सापडला. दुसरी गोम शिरोरेघेची. मोडीत आधी पानभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवायची रीत होती. बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, मात्र शब्द पुरा करून वर एक रेघ द्यावी, असं माझं मत. अक्षरागणिक तुकडे जोडले की ती हेलकावे खाते. फक्त ‘ध’ आणि ‘भ’वर ती तोडायला विसरू नये, नाहीतर धर घर होतं आणि भात मात. शासनानं 2009 मध्ये पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिले, त्यावरून वाद झाले. घरच्या वहीत कुठलाही चालवा, पण एकच.

रोज दहा मिनिटं पुरे, तीही सावकाश. ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची अक्षरं एकत्र घ्यावीत, आणि एका आठवड्यात एकच खोड धरावी. मग किराण्याची यादी, दुधाचा हिशेब त्याच हातानं लिहावा. बॉलपेन दाबावं लागतं, बोटं अवघडतात. शाईचं पेन बरं.

सही तेवढी सुधारू नका. बँकेला जुनीच लागते.