रोमिओवर हसलं कोण?

मैत्रिणींनो, मे महिन्याच्या दुपारी मुलांना घरात कसं रमवायचं, हा आपल्या सगळ्यांचाच प्रश्न. आमच्या कळव्यात तर पारसिकचा डोंगर असा तापतो की पाच वाजेपर्यंत पोरांना खाली सोडायची सोय नाही. मग घरातलं कुणीतरी सुचवतं, "कार्टूनचा सिनेमा लाव ना!" चित्रातली कुत्री-मांजरं बोलतात, म्हणजे सिनेमा लहान मुलांचाच, असं आपण धरूनच चालतो. सिनेमा लागला की आपण गव्हाच्या निवडणाला मोकळ्या.

पण तो खरंच लहान मुलांचा असतो का?

'रोडसाइड रोमिओ'चंच बघा. २००८ च्या दिवाळीत हा सिनेमा आला. आपली यशराज आणि अमेरिकेतली डिस्ने, दोघांनी मिळून काढलेला. दिग्दर्शक जुगल हंसराज. 'मासूम'मधला (१९८३) तो घाऱ्या डोळ्यांचा गोड मुलगा आठवतो ना, तोच. आवाज सैफ अली खान, करीना कपूर, जावेद जाफरी यांचे. अॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. चित्रांना नावं ठेवायला मला जागा दिसत नाही. गाणी आहेत, नाच आहे, मुंबईचे रस्ते आहेत. अजूनही सुट्टीत घराघरांतून तो लागतो, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते आहे.

गोष्ट अशी. श्रीमंतांच्या बंगल्यात लाडात वाढलेला रोमिओ हा कुत्रा. घरची मंडळी लंडनला निघून जातात आणि याला मुंबईत मागे सोडतात. मग रस्त्यावरच्या कुत्र्यांची टोळी, लैला नावाची नायिका आणि चार्ली अण्णा नावाचा दादा.

आमच्याकडे शेजारपाजारची धरून सहा मुलं बसली होती, चार ते नऊ वर्षांची. मागे खुर्चीत हे. टपोरी भाषेतला एकेक संवाद आला की हे खो खो हसायचे. आणि मी काय पाहिलं, तर चार वर्षांची चिमुरडी पडद्याकडे नव्हे, मान वळवून ह्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मग हसायची! थोड्या वेळानं तिनं तेही सोडलं आणि माझ्या कडधान्याच्या डब्यांशी खेळायला आली. सहा वर्षांच्या मुलाचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "काकू, त्याच्या घरचे त्याला न्यायला कधी येणार?" तीन वेळा विचारलं त्यानं. घरच्यांनी सोडून जाणं, याहून मोठं संकट त्या वयात दुसरं कुठलं? पोराचा जीव तिथे अडकलेला आणि सिनेमा आपला थट्टामस्करीत पुढे निघून गेलेला.

यातल्या एका कुत्र्याचं नावच 'इंटरव्हल'. आपल्याला गंमत वाटते, कारण मध्यंतरातला तो वडा आपण खाल्लेला असतो. फोनवर सिनेमा बघणाऱ्या पोराला इंटरव्हल काय ठाऊक? चार्ली अण्णाचंही तेच. जुन्या हिंदी सिनेमातले दाक्षिणात्य हेल काढून बोलणारे दादा ज्यानं पाहिलेत, त्यालाच ती नक्कल कळणार. बरं, लहान मूल विनोद विसरून जातं पण हेल बरोब्बर उचलतं! आपल्या इमारतींमधून एका मजल्यावर तमिळ, दुसऱ्यावर मल्याळी कुटुंब. त्यांच्या मुलांसमोर हा हेल काढून दाखवला, तर तो आपल्या पोराला विनोद वाटेल आणि त्या मुलाला टोचेल. म्हणून मला ही करमणूक अगदीच निरुपद्रवी वाटत नाही.

मी सकाळी अर्धवेळ बालवर्गाला शिकवते. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, गणती नाही. वाघोबा भोपळ्याला 'म्हातारी पाहिलीस का' विचारतो, तिथे वर्ग दर वेळी हसून लोळतो. का? तर आत कोण आहे ते मुलांना माहीत आहे आणि एवढ्या मोठ्या वाघाला माहीत नाही! लहान मूल हसतं ते असं, आपल्याला ठाऊक आहे या आनंदात. 'रोमिओ'सारख्या सिनेमात ठाऊक असतं ते फक्त आई-बाबांना. मुलानं हसावं कशाला?

सगळेच असे नसतात हो. २००५ साली व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' आला. त्यातला बाळ मारुती फळ समजून सूर्याकडे झेपावतो, हे समजायला कुठला जुना सिनेमा पाहिलेला असावा लागत नाही. 'टॉम अँड जेरी'त तर बोलणंच जवळजवळ नाही. (मारामारी फार आहे, हे मान्य. आमच्या सासूबाईंना तो मुळीच पसंत नाही.)

त्यावरूनच मी एक युक्ती करते. नवा कार्टूनपट असला की आदल्या रात्री भांडी आवरून झाल्यावर आवाज अगदी बंद करून दहा मिनिटं बघते. कोण कुणाच्या मागे लागलंय, कोण फसलंय, कोण घाबरलंय, हे नुसत्या चित्रांवरून कळलं, तर तो सिनेमा पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे लावायचा. नुसती तोंडं हलताना दिसली, तर तो मोठ्यांसाठी ठेवून द्यायचा. 'रोमिओ' दहा वर्षांपुढच्या मुलांनी खुशाल बघावा. त्यांना हिंदी सिनेमाची नक्कल कळते आणि नक्कल कुठे करू नये, हेही सांगता येतं.

आणि अगदीच लहान मूल असेल, तर दूरदर्शनवर आपल्यातल्या कितीतरी जणींनी पाहिलेला 'एक अनेक और एकता' शोधून लावा. १९७४ चा, विजया मुळे यांनी केलेला. विजयाबाई म्हणजे अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या आई. ताई धाकट्या भावाला जाळ्यात सापडलेल्या पाखरांची गोष्ट सांगते, एवढंच त्यात आहे. आमच्याकडच्या त्या चिमुरडीनं तो लागोपाठ चारदा लावायला लावला. सात मिनिटांचा आहे, कुकरच्या शिट्ट्या होईतो संपतो.